बासनातली पोथी, कपाटातलं पुस्तक

एखादी योजना जाहीर होते, चार दिवस गाजते आणि मग तिचं नाव कोणी काढत नाही. तेव्हा आपण म्हणतो, "बासनात गेली." बासन म्हणजे पोथी बांधून ठेवायचा कपडा. हा कपडा होता पोथी जपण्यासाठी, आणि आज त्याच शब्दाचा अर्थ झाला विसरून जाणं. आम्हाला यात गंमत वाटते आणि थोडी काळजीही वाटते. गावच्या वाचनालयाचं एक कपाट आमच्या गटाकडे सांभाळायला आहे. कपाट लहानच, पण किल्ली हातात आली की प्रश्न सुरू होतात. काय ठेवायचं, कसं ठेवायचं, आणि आपल्या आधी हे काम कोणी केलं? आज आम्ही चोपडा तालुक्यातल्या बाया त्याबद्दलच बोलणार आहोत. सुरुवात जुन्या काळापासून करू, कपाटाकडे शेवटी येऊ.

पुस्तकाच्या आधी कागद. आपल्या शेजारचं यावल आणि तिकडे एरंडोल, ही दोन्ही गावं एके काळी हातकागदासाठी नावाजलेली होती. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये दोन्ही गावांची तशी नोंद आहे. यावलची नीळही प्रसिद्ध होती. हातकागद व्हायचा चिंध्या, ताग, जुने दोर आणि गोण्या यांपासून. ते चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, कुटायचं, धुवायचं, त्याचा लगदा चाळणीवर धरायचा, वाळवायचा, खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटायचा. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो जाडाभरडा हातकागद दोनशे-तीनशे वर्षं टिकला. याउलट आपल्या कपाटातली साठ-सत्तर वर्षांपूर्वीची छापील पुस्तकं बघा. पान तपकिरी झालंय, कोपरा दुमडला की तुटतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, ते आतून कागद खातं. म्हणून जुनं ते आधी जाणार, नवं मागाहून जाणार, असा हिशेब पुस्तकाला लागू पडत नाही. पणजीची पोथी धडधाकट असते आणि आईचं पाठ्यपुस्तक हातात भुगा होतं.

पोथी लिहायची म्हणजे बोरू, काजळात डिंक घोटून केलेली शाई आणि सुटी लांबट पानं. चूक झाली तर खोडायची सोय काय? कागदाला पिवळट रंग असे, म्हणून चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाचं पिवळं द्रव्य फासायचं आणि वर पुन्हा लिहायचं. केलेल्या कामावर हरताळ फासला, असं आपण म्हणतो ते तिथून आलं. हरताळ विषारी असल्यानं कीडही त्या कागदापासून दूर राही. सगळी पानं झाली की वर-खाली लाकडी फळी, मग बासन, मग दोरी. लिहिणारा शेवटच्या पानावर बहुधा एक विनंती लिहून ठेवत असे, जणू पोथीच बोलतेय. तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, बांधणी सैल सोडू नकोस, आणि ज्याला कदर नाही त्याच्या हाती मला देऊ नकोस. पाठ मोडून, मान मोडून लिहिलंय, हेही सांगायला तो विसरत नसे. धुणं-भांडी करून पाठ मोडलेल्या बाईला त्याचं दुखणं लगेच कळेल.

आता महानुभावांची गोष्ट. ती आम्हाला सगळ्यात जास्त आवडते. आपल्या जिल्ह्यात भडगाव तालुक्यातलं कनाशी हे महानुभावांचं जुनं ठिकाण, तिथं गेलेल्या कितीतरी जणी ऐकत असतील. चक्रधरस्वामींच्या आठवणी तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी गोळा केल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन विचारलं आणि लिहून घेतलं. सांगणाऱ्यांत बाया पुष्कळ होत्या, कारण पंथातच बाया पुष्कळ होत्या. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा त्यांच्यातलीच. असा 'लीळाचरित्र' हा मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ तयार झाला. याच पंथात एकदा एका पंडितानं संस्कृतात लिहू का, असं विचारलं. तेव्हा आचार्य नागदेवांनी नाही म्हटलं. कारण काय दिलं? संस्कृतात लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या बायांना कळणार नाही, त्यांचं नुकसान होईल. सातशे वर्षांपूर्वी एका आचार्यानं पुस्तकाची भाषा ठरवली ती म्हाताऱ्या बायांकडे बघून! आजही सरकारी पत्रक लिहिणाऱ्यांनी एवढा विचार केला तर बरं होईल.

पुढं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला लढाया आणि धाडी आल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. एवढ्या कष्टानं जमवलेलं सगळं एका फटक्यात संपलं. मग ते परत कसं आलं? लोकांच्या तोंडून. ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून आठवून पुन्हा मांडलं, आणि त्यांत हिराइसा नावाची एक बाई होती. आज अभ्यासक लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ तपासतात, त्यांत 'हिराइसा पाठ' हे नाव येतं. चोराला पोथी पळवता येते, बाईच्या डोक्यातलं पळवता येत नाही.

या अनुभवानंतर आपले ग्रंथ बाहेरच्यांच्या हाती लागू नयेत म्हणून महानुभावांनी सांकेतिक लिप्या वापरल्या. त्यांतली सकळ लिपी प्रसिद्ध आहे. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. किल्ली ज्याला ठाऊक त्यालाच वाचता येणार. ग्रंथ सुरक्षित राहिले, हे खरं. पण पुढची कित्येक शतकं बाकीच्या महाराष्ट्राला आपल्याच भाषेतलं हे धन माहीत नव्हतं, हेही खरं. कुलपाचं असंच असतं. त्यांचा नाइलाज होता, आम्ही त्यांना दोष देत नाही. पण आज गावोगाव वाचनालयाच्या कपाटाला कुलूप लागलेलं असतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच सांगता येत नाही. तिथं कुठली धाड आलीय?

ही सकळ लिपी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडली ती विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. आणि हे राजवाडे आपल्या खानदेशाशी कायमचे जोडलेले आहेत. अमळनेरवरून धुळ्याला गेलात तर तिथं त्यांच्या नावाची संस्था आजही आहे. राजवाडे 1863 साली जन्मले. तरुणपणीच बायको वारली, पुन्हा लग्न केलं नाही. स्वतः स्वयंपाक करायचा आणि गावोगाव हिंडून जुने कागद शोधायचे, हाच त्यांचा संसार. देशमुखांचे वाडे, जोशी-कुलकर्ण्यांची घरं, मठ, जिथं कुठं माळ्यावर दप्तर पडलं असेल तिथं ते जायचे. कागद असलेल्या घरात भीती असायची की हे दाखवले तर वतन जाईल, भाऊबंदकीत कोणीतरी वापरेल. म्हणून लोक कागद लपवायचे. लपवलेल्या कागदांना मग वाळवी लागायची, गळणाऱ्या छपराचं पाणी लागायचं, नाहीतर ते रद्दीत जायचे. राजवाड्यांनी जमवलेल्या अशा कागदांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचे 22 खंड झाले. पहिला 1898 साली निघाला. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही 1910 साली त्यांच्याच पुढाकारानं उभं राहिलं.

माणूस मोठा तापट. कुणाशी फार दिवस जमलं नाही. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं. आता विचार करा, घरदार नाही, मुलंबाळं नाहीत, मागे राहिली ती कागदांची गाठोडी. आपल्या गावात असा एकटा माणूस गेला तर त्याच्या गाठोड्याचं काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. दहाव्याच्या आत खोली साफ होते. धुळ्यात तसं झालं नाही. भास्कर वामन भट आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी अवघ्या काही दिवसांत, जानेवारी 1927 मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं आणि तो संग्रह राखला. पुढं 'संशोधक' नावाचं त्रैमासिक काढलं. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून रामदासी पोथ्या गोळा केल्या. त्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत आणि समर्थांनी स्वतःच्या हातानं उतरवलेलं वाल्मीकि रामायणही तिथं आहे. राजवाड्यांचं नाव सगळे घेतात. आम्हाला भटांचं नावही तितकंच मोठं वाटतं. शोधणारा एकदाच शोधतो. त्यानंतर दर पावसाळ्यात गाठोडं सोडून बघायला कोणीतरी लागतं.

सगळ्याच पुस्तकांचं नशीब एवढं चांगलं नसतं. आपल्या जिल्ह्याला लागून बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. सगळा दोष बाईच्याच माथी का, पुरुषाला वेगळा न्याय का, हे त्यांनी इतकं रोखठोक विचारलं की आज वाचतानाही अंगावर काटा येतो. पुण्यात छापलेल्या या पुस्तकाच्या प्रती 500 आणि किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यानंतर ते पुस्तक जणू नाहीसं झालं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. शेवटी स. गं. मालशे यांना जुनी प्रत सापडली आणि 1975 साली त्यांनी ते पुन्हा छापलं. मधे 93 वर्षं गेली! म्हणजे आपल्या आज्या, पणज्या, ज्यांना ते वाचून बळ मिळालं असतं, त्यांच्या हाती ते कधी आलंच नाही. 500 घरांत गेलेलं पुस्तक. कुठल्या घरात ते उंदरांनी खाल्लं, कुठं बंबात गेलं, कुठं एखाद्या पुरुषानं मुद्दाम फाडलं, कोण सांगणार? एक प्रत कोणीतरी ठेवली म्हणून ताराबाई आपल्याला भेटल्या.

आणि जे लिहिलंच गेलं नाही त्याचं काय? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी सगळ्यांना ठाऊक आहेत. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातली मंडळी जवळ असली की ती वहीत उतरायची, नसली की हवेत जायची. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे भारावून गेले आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आपण म्हणतो, किती छान गाणी आहेत. पण किती गेली असतील तेही मनात येतं. पुढं पुण्याकडच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. जातं बंद होऊन पिठाची गिरणी आली त्याच काळात हे काम झालं. आणखी वीस वर्षांनी गेले असते तर निम्म्याही मिळाल्या नसत्या, असं आम्हाला वाटतं.

धुळ्याच्या तुरुंगाची गोष्टही इथंच सांगू. 1932 च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबा तिथं गीतेवर बोलत. ते काही लिहून आणत नसत. समोर बसलेले सानेगुरुजी भराभर उतरवून घेत. ती 18 प्रवचनं आज कितीतरी भाषांत वाचली जातात. एका माणसाच्या हाताला वळण होतं आणि त्यानं कंटाळा केला नाही, म्हणून.

आता आपलं कपाट.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्यामुळे गावागावांत 'ड' वर्गाची का होईना, वाचनालयं उभी राहिली. अनुदान वेळेवर येत नाही, बसायला जागा नसते, ही रड सगळीकडे आहे. पण पुस्तक जपायला जे ज्ञान लागतं ते आपल्या घरात पडून आहे, ते अनुदानावर अडत नाही. धान्याची कोठी आपण भिंतीला चिकटवून ठेवत नाही, खाली विटा देतो. पुस्तकांचं कपाटही तसंच ठेवायचं. भिंतीपासून चार बोटं पुढं, जमिनीपासून वर. वाळवी भिंतीतून आणि जमिनीतून येते, आणि मातीच्या नळ्या दिसल्या की ती आलेलीच असते. कसर वेगळी. ती चंदेरी, चपळ, पुस्तक उघडलं की पळते, आणि तिला बांधणीची खळ आवडते. दोघींनाही अंधार आणि ओल हवी असते. म्हणून जे पुस्तक रोज कोणीतरी नेतं त्याला कसर सहसा लागत नाही. लागते ती 'फार महत्त्वाचं आहे, कुणाला देऊ नका' असं म्हणून मागच्या खणात ठेवलेल्याला.

कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळवून, कापडाच्या पुरचुंडीत, खणात ठेवायचा. पानांत घातला तर डाग पडतात. वेखंडाचे तुकडेही तसेच. पापड-कुरडया आपण उन्हात टाकतो, पुस्तकं मात्र उन्हात टाकायची नाहीत. खानदेशातलं ऊन कागद जाळतं. सावलीत, वारा लागेल अशी, पानं थोडी उघडून उभी ठेवायची. धाब्याच्या घरात नाहीतर पत्र्याखाली पुस्तक भिजलं तर चिकटलेली पानं ओढून सोडवायला जाऊ नका. मधे मधे कोरा कागद सरकवा, पंखा लावा, धीर धरा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती दोन वर्षांत पिवळी पडते आणि कागदाला सोबत घेऊन निघते. मैद्याची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी पुरते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं की आतली ओल आतच राहते. त्यापेक्षा धुऊन मऊ झालेलं, रंग न जाणारं सुती लुगडं घ्या. शेवटी बासन म्हणजे तेच तर असायचं. आणि पोथीची पूजा करताना हळद-कुंकू, तेलाचा दिवा जरा लांब. तुपा-तेलाच्या वासानं उंदीर येतो, त्याला देवाची पोथी आणि गाईड यांतला फरक कळत नाही.

सगळंच जपायचं का, असा प्रश्न येतोच. आमचं मत, नाही. जुनी गाईडं, एकाच कादंबरीच्या चार प्रती, बदललेल्या अभ्यासक्रमाची पुस्तकं खुशाल काढा, पण दाखल नोंदवहीत तशी नोंद करून काढा. उलट ज्याला पुस्तक म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही ते कपाटात आणा. श्रावणात कानबाई बसते तेव्हा म्हणायची अहिराणी गाणी, गुलाबाईची गाणी, लग्नातली, जात्यावरची, हे कुणाकुणाकडे शंभरपानी वहीत लिहिलेलं असतं. ती वही पिठाच्या डब्यामागे असते, कव्हर गेलेलं, पहिली दोन पानं पोरानं होड्या करून सोडलेली. चोपड्याच्या कपाटातलं छापील पुस्तक पुण्या-मुंबईतही मिळेल. ही वही जगात एकच आहे. बचत गटाचं पहिलं इतिवृत्त पुस्तकही तसंच. कोणी किती रुपये भरले आणि कोणत्या बाईनं पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली, ते त्यातच आहे.

दसऱ्याला आपण पाटी-पुस्तक पुजतो. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागलेली असते, पावसाळ्यात कुठं ओल शिरली ते बघायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. आम्ही यंदा दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात कपाट पूर्ण रिकामं करणार आहोत. ज्यांच्याकडे गाण्यांची वही आहे त्यांनी ती घेऊन यायची. वही ठेवून घेणार नाही, ती तुमचीच. शाळेत जाणाऱ्या पोरी ती पेन्सिलीनं उतरवतील. शाईचं पेन नको, पाण्याचा थेंब पडला की पसरतं. पहिल्या पानावर गाणारणीचं नाव, माहेर, सासर आणि गाणं कुणाकडून शिकली ते लिहायचं. एक नक्कल कपाटात राहील, एक दुसऱ्या गावातल्या गटाकडे जाईल. येताना जुन्या लुगड्याचा एक तुकडा आणा, धुतलेला.